खालून पाहिलेलं विमान

भिंगकाकूंनी एकोणीस वर्षं विमानं तपासली, पण विमानात त्या एकदाही बसल्या नव्हत्या. कामावर नवी मुलगी आली की हे त्या स्वतःच सांगायच्या आणि वर विचारायच्या, "शाईच्या कारखान्यातली बाई काय दिवसभर पत्रं लिहीत बसते?" नवी मुलगी हसावं की नाही या विचारात पडायची. काकूंचा चेहराच तसा होता. थट्टा करतानाही दार लावून घेतल्यासारखा असायचा.

आमचा कारखाना कागदोपत्री खेळण्यांचा होता, पण ती खेळणी लहान मुलांची नव्हती. जहाजं, रणगाडे, विमानं यांच्या जुळवायच्या प्रतिकृती आम्ही करत होतो. खोक्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग, रंगांची यादी आणि जुळवायची कृती. पुढचं सगळं घेणाऱ्यानं करायचं. तो बहुतेक पन्नाशीच्या पुढचा, बायकोच्या बोलण्याकडे कानाडोळा करणारा कुणीतरी असावा असा आमचा अंदाज होता. खालच्या मजल्यावर यंत्रं वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबायची. वर आम्ही बायका. साच्यातून निघालेले भाग एका चौकटीला बारीक देठांनी लटकलेले असायचे, त्या चौकटीला आम्ही जाळी म्हणायचो. काकू जाळ्या तपासायच्या. मी त्यांच्याच शेजारी बसून भरलेल्या खोक्यांचं वजन करायची. वजन दोन-तीन ग्रॅम कमी भरलं की समजायचं, आत काहीतरी राहून गेलंय.

काकूंच्या टेबलावर एक मोठं गोल भिंग होतं, कडेनं दिवा असलेलं. त्यावरून त्यांना ते नाव पडलं. भाग अर्धवट भरलेला, कडेला पापुद्रा राहिलेला, केसाएवढी चीर गेलेली, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. बोलणं मोजकं. अकरा मिनिटांत डबा संपवायच्या आणि खिडकीशी उभ्या राहायच्या. डबा छान दिसतोय असं कुणी म्हटलं तर एवढंच म्हणायच्या, "ताईनं दिलाय." त्यात कौतुक नसायचं. पोस्टमननं दिलाय म्हणावं तसं म्हणायच्या.

ही ताई त्यांची सहा वर्षांनी मोठी बहीण. दोघी एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या. ताईचं लग्न झालं नव्हतं. काकूंचं झालं होतं, पण नवरा लवकर गेला आणि त्या परत बहिणीकडे आल्या. मी दोन-चारदा त्यांच्या घरी गेले होते. ताईंचे डोळे साखरेच्या आजारानं गेले होते, उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. तरी भिंतीला बोटं लावत त्या सगळं करायच्या आणि काकू त्यांच्याशी लागेल तेवढंच बोलायच्या. घरात पूर्वी त्यांची आईही होती. ती म्हातारी शेवटपर्यंत पाणीसुद्धा धाकटीकडूनच मागायची. थोरली समोर बसलेली असली तरी धाकटी कामावरून येईपर्यंत तहानलेली राहायची. मला वाटायचं, म्हातारपणाचा हेका असेल.

मग ते विमान आलं.

मॅनेजर साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की नवी प्रतिकृती निघते आहे. हलकं हल्ला-विमान. दोन पंखे, दोन माणसं, जमिनीजवळून उडणारं, खालच्या लक्ष्यावर मारा करणारं. आमच्याच सैन्यानं पूर्वी डोंगराकडच्या लढाईत वापरलेलं, म्हणून इथे खूप खपेल असं त्यांचं गणित होतं. खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याचं माप. पाच जाळ्या, काचेसाठी पारदर्शक प्लॅस्टिकची एक जाळी, एकूण एकशे त्रेचाळीस भाग. पहिल्या जाळ्या वर आल्या तेव्हा काकूंनी त्या नेहमीसारख्या भिंगाखाली धरल्या. मला काही वेगळं दिसलं नाही. आता आठवते तेव्हा वाटतं, त्या दिवशी त्या खिडकीशी गेल्या नव्हत्या.

खोक्याच्या झाकणावरचं चित्र काढणारा चित्रकार बाहेरून यायचा. दाढीवाला, चाळिशीचा, स्वभावानं गरीब. चित्राचा नमुना तो आमच्या जेवणाच्या खोलीत पाण्याच्या नळाशेजारी टांगायचा, कारण त्याच्या मते हात धुताना माणूस खरं बोलतो. त्यानं विमान डोंगरावर झेपावताना दाखवलं होतं. वरून हिरवं, खालूनही हिरवं. काकू डबा हातात घेऊन त्यासमोर उभ्या राहिल्या.

"खालून असं नव्हतं," त्या म्हणाल्या.

चित्रकार तिथेच चहा पीत होता. "काय नव्हतं?"

"पोट हिरवं नव्हतं. फिकट निळं होतं, जरा राखाडीकडे झुकणारं. आणि पंख्यांच्या मागे धुरानं काळं झालेलं. इथपासून इथपर्यंत." त्यांनी ओल्या बोटानं दाखवलं, चित्राला न लावता.

"तुम्हाला कसं माहीत? मला मिळालेले सगळे फोटो ते जमिनीवर उभं असतानाचे आहेत."

"आम्ही खालून पाहिलंय," काकू म्हणाल्या आणि डबा धुवायला लागल्या.

चित्रकारानं ते सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी तो निळ्या-राखाडी रंगाच्या वीस-बावीस पट्ट्या घेऊन काकूंच्या टेबलाशी आला. काकूंनी त्या पत्त्यांसारख्या पसरल्या, चार बाजूला काढल्या, त्यातल्या तीन परत दिल्या. उरलेली पट्टी त्याच्या हातात ठेवली. मग त्यानं विचारलं, कुठे पाहिलंत. काकूंनी भिंगातून डोळे न काढता सांगितलं. हात चालूच होते. मी हातभर अंतरावर होते, म्हणून मलाही ऐकायला मिळालं.

त्यांचं गाव डोंगराखाली, नदीच्या वळणावर. पूल, पुलाकडे जाणारा मातीचा रस्ता, रस्त्याखालून पाणी जायला मोरी. लढाई डोंगरात चालू होती, पण तिची झळ अजून गावापर्यंत आली नव्हती. काकू सात वर्षांच्या. त्या दिवशी गवत कापायला माणसं गेली होती. वडील, दोन मुली आणि गाय असे परत येत होते.

"आवाज आधी आला," काकू म्हणाल्या. "पिठाच्या गिरणीसारखा. गिरणीच आपल्याकडे चालत यावी तसा. बाबांनी भारा टाकला आणि मला मोरीत ढकललं. स्वतः समोरच्या बांधाआड आडवे झाले. ते अगदी डोक्यावरून गेलं. मोरीच्या तोंडातून मी पोट पाहिलं ते तेव्हाच. रस्त्यावर माती उडाली. मग ते डोंगरापलीकडे गेलं आणि सगळं गप्प झालं."

त्यांनी एक जाळी उलटी केली.

"मग ताईनं हाक मारली. माझ्या अगदी कानाशी. बाबा, गेलं ते, या. बाबा उठले आणि मोरीकडे यायला लागले. तेवढ्यात ते परत आलं."

चित्रकार पट्टी हातात धरून उभा होता. "माफ करा," तो म्हणाला. "मी विचारायला नको होतं."

"तुम्ही कशाला माफी मागता. रंग बरोबर लावा म्हणजे झालं."

त्या दिवशी मला त्या घरातला अबोला कळला, किंवा मला तसं वाटलं. आईनं थोरलीच्या हातचं पाणी का घेतलं नाही, काकू डब्याबद्दल एक शब्द का बोलत नाहीत. थोरलीनं हाक मारली आणि बाप गेला. तेरा वर्षांच्या मुलीची चूक, पण घरात ती चूक पाय रोवून बसली होती.

चित्र बदललं. पोट फिकट निळं झालं. दीड महिन्यानं मॅनेजर साहेब एका पाहुण्याला घेऊन आले. ते विमान प्रत्यक्ष चालवलेले निवृत्त वैमानिक. विक्री सुरू होण्याआधी त्यांनी प्रतिकृती पाहावी, चुका सांगाव्यात, शिवाय पहिल्या शंभर खोक्यांवर सही करावी, असं ठरलं होतं. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस. कानात यंत्र, हातात काठी, लोकरीचा राखाडी कोट. जिना चढून धाप लागली होती. बोलणं फार सभ्य. प्रत्येक टेबलाशी थांबून ते नमस्कार करत होते.

जुळवलेला नमुना त्यांनी हातात घेतला आणि बराच वेळ फिरवून पाहिला. "मागची बैठक थोडी उंच हवी," ते म्हणाले. "मागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसायला हवं. पुढचा चालवतो, मागचा पाहतो." मग त्यांनी विमान उलटं केलं. "पोटाचा रंग मात्र अगदी बरोबर. हा कुठे मिळाला तुम्हाला? हा कुणाला आठवत नाही."

चित्रकार भोळा. त्यानं काकूंकडे बोट केलं आणि करताच त्याच्या लक्षात आलं. पण बोट केलेलं होतं.

वैमानिक काकूंच्या टेबलाशी आले. मॅनेजर साहेब तेवढ्यात फोनवर बोलायला बाहेर गेले.

"तुमचं कुणी विमानदलात होतं का?" वैमानिकांनी विचारलं.

"नाही. आम्ही खाली होतो," काकू म्हणाल्या. त्यांनी भिंगाचा दिवा बंद केला. मी तो कामाच्या वेळेत बंद केलेला पहिल्यांदाच पाहिला. "नदीचं वळण, पूल, पुलाकडे मातीचा रस्ता. गवत कापायचे दिवस. तुम्ही होता का तिथे?"

वैमानिकांनी काठीवरचा हात बदलला. "असेनही. नसेनही," ते म्हणाले. "वरून सगळे पूल सारखेच दिसतात, बाई."

"एक विचारायचंय. बरीच वर्षं विचारायचं होतं, पण कुणाला विचारणार. ते एकदा येऊन गेलं होतं. परत का आलं?"

मला वाटलं, ते काहीतरी गोल बोलून निघून जातील. पण नाही. एखाद्या शिकाऊ मुलाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "पहिल्या खेपेला वेग फार असतो. काही दिसत नाही. माणसं लपलेली असतात. वळून परत यायला दीड मिनिट लागतं. तेवढ्यात ती बाहेर..." इथे ते थांबले. वाक्य कुठे चाललंय हे त्यांना आत्ताच दिसलं असावं. "तसं शिकवलेलं होतं," ते म्हणाले. "कुणी बाहेर आलं नाही, तरी दुसरी खेप व्हायचीच. ठरलेलं असायचं."

"बरं," काकू म्हणाल्या.

"तुमचं कोण?"

"वडील."

त्यांनी काठी टेबलाला टेकवून ठेवली. मग म्हणाले, "मला थोडं पाणी मिळेल का?" काकू उठल्या, नळावरून पेला भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो सगळा प्यायला. सह्या करायला मात्र ते थांबले नाहीत. तब्येत ठीक नाही असं सांगून गेले. मॅनेजर साहेब दिवसभर चिडलेले होते, शंभर खोकी तशीच रचून ठेवलेली होती.

पुढचं मला काकूंनी सांगितलं, आठवड्यानं, शनिवारी अर्ध्या दिवसानंतर बसथांब्यावर. दोन बस सोडून दिल्या आम्ही.

त्या दिवशी घरी गेल्यावर त्यांनी बहिणीला समोर बसवलं होतं. ताई वाळलेले कपडे चाचपत घड्या घालत होत्या. काकू म्हणाल्या, "ताई, तू हाक मारली नसतीस तरी ते परत येणारच होतं. त्यांचं तसं ठरलेलं असायचं. मी आज विचारून आले." एवढं बोलायला सत्तेचाळीस वर्षं गेली होती. आता ताई रडेल, आपणही रडू, असं त्यांना वाटलं होतं.

ताईंनी घडी पूर्ण केली. "मी हाक कुठून मारणार?" त्या म्हणाल्या. "मी रस्त्याच्या पलीकडे होते. बांबूत, गाईला धरून. मोरीत तू एकटीच होतीस."

"मग माझ्या कानाशी कोण बोललं?"

"मोरीत आपलाच आवाज आपल्या कानाशी येतो गं," ताई म्हणाल्या.

काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा समोरून दुसरी बस निघून गेली. रस्त्यापलीकडे एक माणूस दुकानाची काच पुसत होता. तो एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होता, मी तिकडे पाहत राहिले.

"हाक कुणी मारली, असं आईनं विचारलं तेव्हा तू तर 'मी' म्हणाली होतीस," काकूंनी बहिणीला म्हटलं.

"तू सात वर्षांची होतीस. तापानं फणफणलेली. आई त्या दिवशी शुद्धीवर नव्हती, तुला काय करून बसली असती कोण जाणे. मला वाटलं, महिनाभर रागावेल आणि विसरेल."

आई एकोणचाळीस वर्षं विसरली नाही.

"मला तरी सांगायचंस."

"कधी सांगणार? तू मोठी झालीस तोवर तुला तसंच आठवायला लागलं होतं. मग म्हटलं, राहू दे. तुझं लहानपण तरी बरं गेलं." मग त्या म्हणाल्या, "बाबा हाकेनं आलेच नाहीत. तू रडत होतीस म्हणून आले. कुठलाही बाप आला असता." आणि उशांचे अभ्रे कुठे ठेवलेत असं विचारलं.

"मी विशीत असताना एकदा भांडले होते तिच्याशी," काकू मला म्हणाल्या. "कशावरून ते आठवतही नाही. मी म्हटलं, बाबांना तूच खाल्लंस. ती भांडी घासत होती. ऐकून घेतलं आणि भांडी घासत राहिली." तिसरी बस आली तेव्हा त्या उठल्या. "तेव्हा तरी तिनं सांगायला हवं होतं ना?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर काकूंच्या टेबलावरून चुका सुटायला लागल्या. त्या जागेवर बसायच्या, दिवा चालू असायचा, हात चालायचे, पण वजनाला माझ्याकडे खोकं यायचं ते दोन ग्रॅम कमी. कधी चाक नसायचं, कधी शेपटीचा तुकडा. मी गुपचूप भाग काढून आत टाकायची आणि खोकं पुढे सरकवायची. काकूंना ते कळत होतं. एकदा म्हणाल्या, "किती दिवस झाकशील?" मी म्हटलं, "तुम्ही मला शिकवलंत तेव्हा माझं किती दिवस झाकलंत?" हसल्या नाहीत, पण डब्यातलं थोडं माझ्या झाकणात काढून ठेवलं.

मग ताईंनी एक मागितलं. त्यांना ते विमान हातात हवं होतं. "मी ते कधी पाहिलंच नाही," त्या म्हणाल्या. "तोंड मातीत घालून पडले होते. आणि आता डोळे नाहीत. तुम्ही रोज शेकड्यानं करता म्हणतेस, तर एक मला दाखव तरी."

काकूंनी एक खोकं घरी नेलं आणि मला रविवारी यायला सांगितलं. तेव्हा उघडकीला आलं की आमच्या मजल्यावरच्या एकाही बाईनं कधी एक विमानसुद्धा जुळवलेलं नव्हतं. आम्हाला भाग पाठ होते, पण कशाला काय लागतं ते माहीत नव्हतं. चार रविवार लागले. देठ तोडायला नखं कापायचं यंत्र घेतलं. पंख चिकटून सुकेपर्यंत कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी दाबून ठेवले. बैठकांवरच्या काचेच्या झाकणाला माझं चिकट बोट लागलं आणि ते कायमचं धुरकट झालं. काकू कृतीच्या कागदाला शिव्या द्यायच्या. हा कागद लिहिणाऱ्याला एक दिवस आपल्या टेबलावर बसवायला हवा, म्हणायच्या. खोलीत गोंदाचा उग्र वास भरायचा आणि खिडकी उघडली की गार वारा यायचा, म्हणून ताई शाल घेऊन बसायच्या.

त्या प्रत्येक भाग मागून घ्यायच्या. "हे काय?"

"चाक."

"आणि हे?"

"रॉकेटची नळी. पंखाखाली लागते. अशा दोन."

ताईंनी ती बोटांत फिरवली आणि परत दिली. "बारीक आहे," म्हणाल्या.

दोन बैठका बसवल्या तेव्हा त्यांनी त्या चाचपल्या. "दोघं का?"

मी सांगितलं. "पुढचा चालवतो, ताई. मागचा पाहतो."

"म्हणजे नुसतं पाहायला एक माणूस वेगळा होता."

"हो."

ताई बराच वेळ तो तुकडा चाचपत राहिल्या. "मग बाबा दिसले असतील त्याला," त्या म्हणाल्या. "भारा टाकलेला होता. हात मोकळे होते. तेही दिसलं असेल."

काकू उठून आतल्या खोलीत गेल्या. मी पंखाला चिमटे लावत राहिले. ताईंनी मला हळूच विचारलं, "रडते आहे का?" मी कानोसा घेतला. नाही, म्हटलं. "रडली तर बरं होईल," ताई म्हणाल्या. "लहानपणीही अशीच होती. एकदाच काय ती रडली."

चौथ्या रविवारी विमान पूर्ण झालं. रंगाची पट्टी काकूंनी चित्रकाराकडून मागून आणली होती, पोट त्यांनी स्वतः रंगवलं. ताईंना रंग दिसणार नव्हता हे माहीत असून रंगवलं. ताईंनी ते मांडीवर घेतलं, पंखांवरून, शेपटीवरून बोटं फिरवली, पंखा एकदा गरकन फिरवला. "हलकं आहे," म्हणाल्या. "मला वाटलं होतं जड असेल." मग टेबलावर ठेवायला सांगितलं आणि पुन्हा कधी मागितलं नाही.

त्याच वर्षी ताई गेल्या. पायाला जखम झाली, ती भरली नाही. बारा दिवस दवाखान्यात होत्या. काकू रजा घेऊन उशाशी बसून राहिल्या, चमच्यानं पाणी पाजत राहिल्या. मी भेटायला गेले की ताई मला माझ्या घरच्या सगळ्यांची खुशाली विचारायच्या. काकू त्यांच्याकडे नुसत्या पाहत असायच्या.

काकूंनी बहिणीची माफी मागितली का, हे मला ठाऊक नाही. मागायला गेलं की ताई विषय बदलायची, एवढं त्या म्हणाल्या. "दूध उतू जातंय बघ, म्हणायची. गॅसवर दूध नसायचंच. तिला दिसत नाही, पण मला तर दिसतं ना. तरी दर वेळी मी उठून बघायला जायची."

काकू कामावर परत आल्या तेव्हा नजर पुन्हा पहिल्यासारखी झाली होती. चुका सुटेनाशा झाल्या. डबा आता त्या स्वतः करून आणायच्या आणि अर्धा तसाच परत न्यायच्या. एकदा नळाशी भांडी विसळताना म्हणाल्या, "ती होती तोवर ते दोघींत होतं. आता सगळं माझ्याकडे आलं." मी त्यांच्या हातातून डबा घेतला आणि धुतला.

विमान खूप खपलं. साहेबांचं गणित बरोबर निघालं. झाकणावर चित्रकाराचं नाव होतं, कृतीच्या कागदावर वैमानिकांचे आभार होते.

ताई गेल्यावर चार-पाच महिन्यांनी कारखान्याच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. वर नाव नव्हतं. 'भिंगाच्या टेबलावरील बाईंना' एवढंच लिहिलं होतं. आत वैमानिकांच्या जुन्या उड्डाण-वहीच्या पानाची प्रत होती. गवत कापायच्या महिन्याचं पान. अकरा उड्डाणं, प्रत्येकाची तारीख, वेळ, आणि शेवटच्या रकान्यात काय केलं ते. चार ओळींत 'पूल' असं लिहिलं होतं. त्याखाली आता काढलेलं, थरथरतं अक्षर: 'तुम्हाला तारीख आठवत असेल तर यात पाहता येईल. मला माझ्यापुरतं कळायला हवं आहे.'

काकूंनी तो कागद भिंगाखाली धरला आणि अकराच्या अकरा ओळी वाचल्या. मग म्हणाल्या, "मला लिहून दे. माझं अक्षर त्यांना लागणार नाही." जेवणाच्या सुट्टीत त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले.

'कागद मिळाला. तारीख आम्हाला माहीत नाही. आमच्याकडे तेव्हा कुणी तारखा लिहीत नव्हतं. माझ्या बहिणीला कदाचित माहीत असती, पण ती आता नाही. त्या दिवशी गवत कापायला माणसं गेली होती आणि आमची गाय गाभण होती. तुमच्या कागदात ते नाही. कागद परत पाठवत आहे.'

मी विचारलं, शेवटी काही लिहायचं का. त्यांनी विचार केला. "तब्येत सांभाळा, असं लिही," म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नको. खोड ते." मी खोडलं. खाडाखोड दिसत होती, म्हणून दुसऱ्या कागदावर पुन्हा लिहिते म्हटलं, पण त्या तसंच पाठव म्हणाल्या.

उत्तर आलं नाही. आमचं पत्रही परत आलं नाही. एक-दोन महिने काकू मला विचारायच्या, खाली टपाल आलं का. मी रोज पाहून यायची. पुढे त्यांनी विचारणं सोडलं, तरी मी पाहत होते. मग साहेबांनीच एकदा बोलता बोलता सांगितलं की म्हाताऱ्याला मुलीनं आपल्याकडे नेलंय, त्याला आता कुणी ओळखू येत नाही.

मी ते काकूंना सांगितलं. त्यांनी हातातली जाळी तपासून पूर्ण केली, माझ्याकडे सरकवली आणि पुढची उचलली.